मोजपट्टी कुणाच्या हाती? दगडखाण, मजुरी आणि कायदा

१/ भिवंडी तालुक्यातील वडपे येथून मुंबई–नाशिक महामार्गाने जाताना गोदामांच्या रांगा लागतात. त्यांच्या पायातला दगड आणि या रस्त्याखालची खडी यांचा उगम दख्खनच्या काळ्या बेसाल्टात आहे. हा दगड ब्रासने मोजतात. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. दगड फोडणाऱ्याचे श्रम मात्र कोणी आणि कसे मोजले, याचा हा इतिहास. #इतिहास #धागा

२/ प्रारंभ करू बोरघाटापासून. जानेवारी १८५६ मध्ये जी. आय. पी. रेल्वेने सह्याद्री फोडण्यास सुरुवात केली. २१ एप्रिल १८६३ रोजी मार्ग खुला झाला, तेव्हा त्यावर २५ बोगदे होते. १८६१ मध्ये येथे एका वेळी ४२,००० मजूर राबत होते. मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांचे नाव ग्रंथांत आहे; या मजुरांची नावे कोठेच नाहीत.

३/ काम कसे चाले? कंपनीने कंत्राट दिले विल्यम फॅविएल याला. त्याच्या हाताखाली पोटकंत्राटदार, त्यांच्या हाताखाली मुकादम आणि सर्वांत शेवटी मजूर. पैसा याच पायऱ्यांनी खाली उतरे आणि प्रत्येक पायरीवर थोडा मुरे. किती काम झाले हे ठरवणारा वरच्या पायरीवर उभा असे. ज्याने काम केले, त्याला त्या मापात हात घालता येत नसे.

४/ जानेवारी १८५९ मध्ये हा बांध फुटला. थकलेल्या आणि ठरल्याप्रमाणे न मिळालेल्या मजुरीवरून मजुरांनी युरोपियन पर्यवेक्षकांवर हल्ला केला. सरकारला चौकशी करावी लागली. त्याच वर्षी फॅविएलने कंत्राट सोडले. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात येऊन काही आठवड्यांतच मरण पावला; पुढे त्याची पत्नी ॲलिस हिने ते कंत्राट तडीस नेले.

५/ मजुरीचा प्रश्न जिवाच्या प्रश्नापासून वेगळा नव्हता. उभ्या कड्यावर दोराने लोंबकळत मजूर सुरुंगाची भोके पाडत. दोर तुटे, दारू अवेळी उडे, पटकीची साथ तळच्या तळ रिकामे करी. ज्याची मजुरी थकलेली असते, त्याला धोकादायक काम नाकारता येत नाही. ते नाकारले तर थकलेले पैसेही बुडतात. ही साखळी पुढेही भेटेल.

६/ दुसऱ्याच वर्षी, १८६० मध्ये, मालक व कामगार यांच्यातील तंट्यांविषयीचा नववा कायदा आला. रेल्वे, कालवे व अन्य सार्वजनिक कामांवरील मजुरीच्या तक्रारी दंडाधिकाऱ्याने तातडीने निकाली काढाव्यात, अशी त्यात सोय होती. हा मजुराचा विजय म्हणावा काय?

७/ अर्धाच. याच कायद्याने करार मोडून काम सोडणाऱ्या मजुराला तुरुंगाची वाटही दाखवली. मजुरी बुडवली तर मालकाकडून पैसे वसूल होणार, काम सोडले तर मजूर गजाआड जाणार. १९२९ मध्ये नेमलेल्या राजकीय श्रम आयोगाने हा कायदा रद्द करण्याची शिफारस केली आणि १९३२ मध्ये तो इतिहासजमा झाला.

८/ स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले, निदान कागदावर. १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या मूळ अनुसूचीतच ‘दगड फोडणे व खडी तयार करणे’ हे काम होते. कमी दिलेली मजुरी वसूल करून देताना, त्या फरकाच्या दहा पटींपर्यंत भरपाई देण्याचा अधिकारही या कायद्यात होता.

९/ १९५२ चा खाण कायदा सुरक्षिततेसाठी आला. त्याच्या अंमलबजावणीचे मुख्यालय धनबादला. १९६१ च्या नियमावलीने खाणीची भिंत सरळ उभी न कापता पायऱ्यापायऱ्यांनी कापण्याचे बंधन घातले. कठीण खडकात पायरीची उंची ६ मीटरपेक्षा अधिक नको आणि रुंदी उंचीहून कमी नको. वरचा दगड निसटला तर तो पायरीवर अडावा, माणसावर येऊ नये, हा हेतू.

१०/ पण इमारतीचा दगड, खडी, मुरूम यांच्या खाणींना याच कायद्याने बहुतेक तरतुदींतून सूट दिली. अटी अशा : उघड्या खाणीची खोली ६ मीटरहून अधिक नसावी, कोणत्याही दिवशी ५० हून अधिक माणसे नसावीत आणि स्फोटके वापरलेली नसावीत. तिन्ही अटी एकाच वेळी पाळल्या, तरच सूट. खाणीत सुरुंग लावला की ती संपली.

११/ आता विचार करा. खोली कोण मोजतो? हजेरीपटावर ५० नावे लिहायची की अधिक, हे कोण ठरवतो? मापाची काठी पुन्हा मालकाकडेच. आणि साक्ष देऊ शकणारा मजूर उचलीने बांधलेला.

१२/ उचल ठाणे जिल्ह्याला नवी नव्हती. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जमीनदाराकडे राबणाऱ्या आदिवासीला येथे ‘लग्नगडी’ म्हणत. १९४५ मध्ये गोदावरी परुळेकर आणि किसान सभेच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी या प्रथेविरुद्ध उठाव केला. तरीही वेठबिगारीचे कायद्याने निर्मूलन व्हायला १९७६ साल उजाडले. आणि त्यानंतरही, १९८२ मध्ये, वसई तालुक्यात वेठबिगारांच्या मुक्तीसाठी श्रमजीवी संघटना उभी राहावी लागली.

१३/ त्याच १९८२ मध्ये दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धांची बांधकामे सुरू होती. तेथील मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निर्णायक सूत्र मांडले : किमान वेतनाहून कमी दामात काम करून घेणे हीदेखील संविधानाच्या अनुच्छेद २३ ने निषिद्ध ठरवलेली सक्तीची मजुरीच होय. भूक हीसुद्धा सक्तीच, असा त्याचा मथितार्थ.

१४/ हे सूत्र दगडखाणीत उतरले १६ डिसेंबर १९८३ रोजी. हरियाणातील फरीदाबादच्या खाणींविषयी बंधुआ मुक्ती मोर्चाने लिहिलेले पत्रच न्यायालयाने याचिका मानले होते. न्या. भगवती यांनी सांगितले : मजूर सक्तीने राबवला जातो हे दिसले, की तो उचलीपायीच राबतो असे गृहीत धरावे, तसे नाही हे मालकाने सिद्ध करावे. पुराव्याचे ओझे खांदा बदलत होते.

१५/ या निकालातील २१ निर्देश मुळातून वाचण्याजोगे आहेत. मजुरी थेट मजुराच्या हाती द्या. क्रशरवर सतत पाणी फवारा, नाही तर धूळ शोषणारे यंत्र बसवा. माणशी किमान २ लिटर शुद्ध पाणी सावलीत ठेवा. आणि हेही : ट्रक त्याच्या खऱ्या मापापेक्षा अधिक भरला जात नाही ना, हे निरीक्षकांनी अचानक तपासावे.

१६/ ट्रकचे माप देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत का पोहोचले? कारण मजुरी ट्रकमागे ठरत होती. कागदावर ट्रकचे माप लहान, प्रत्यक्षात भर अधिक. तो वरचा दगड मजुराने फुकट फोडलेला असे. दर न बदलता केलेली ही मजुरीतली चोरी होती, आणि न्यायालयाने ती ओळखली.

१७/ २१ नोव्हेंबर २०२५ पासून किमान वेतनाचा आणि खाणींचा असे दोन्ही जुने कायदे नव्या श्रमसंहितांत विलीन झाले. संहिता नवी असली तरी प्रश्न १८५९ चाच आहे. स्वामित्वधनासाठी सरकार ब्रास न् ब्रास दगडाचा हिशेब ठेवते. जो काटेकोरपणा दगडाच्या वाट्याला येतो, तो दगड फोडणाऱ्याच्या वाट्याला यावा, एवढीच या इतिहासाची मागणी आहे.

१८/ पुढच्या वेळी डोंगराच्या कुशीत एखादी खाण दिसली, तर तीन गोष्टी पाहा : भिंत पायऱ्यांची आहे की सरळ उभी? क्रशरवर पाणी पडते आहे की धुळीचा लोट उठतो आहे? आणि संधी मिळाली तर एखाद्या मजुराला विचारा, तुमचे माप कोण लिहितो? तो जे सांगेल, तो या धाग्याचा पुढचा भाग असेल.