आकडा घसरला, दोष कुणाचा?

पहिल्या घटक चाचणीत वर्गाची सरासरी ६२ होती, दुसऱ्या चाचणीत ती ५८ झाली. शिक्षकांच्या बैठकीत प्रश्न येतोच, "चार गुण कमी का झाले?" कुणी म्हणते, मध्ये गणपतीची सुट्टी आली. कुणी म्हणते, मुलांचे लक्षच नाही. वर्गशिक्षकांना दोन शब्द ऐकावे लागतात, ते वर्गात जाऊन मुलांना चार शब्द ऐकवतात. तिसऱ्या चाचणीत सरासरी ६१ होते आणि कानउघाडणी लागू पडली असे सर्वांनाच वाटते.

दुकानाची महिन्याची विक्री, गिरणीत धागा तुटण्याचे प्रमाण, एस.टी.च्या आगाराचे रोजचे उत्पन्न, सगळीकडे हाच संवाद चालतो. पण त्याआधी विचारायला हवा असा एक प्रश्न राहून जातो. आकड्याच्या प्रत्येक चढउताराला स्वतःचे वेगळे कारण असतेच का? आणि नसेल, तर कारण कधी शोधायचे आणि कधी नाही, हे ठरवायचे कसे? व्यवसायाच्या आकड्यांचे विश्लेषण करण्याची जी साधने आज जगभर शिकवली जातात, त्यांतले एक महत्त्वाचे साधन याच प्रश्नातून जन्माला आले. त्याचे नाव नियंत्रण आलेख.

एका पानाचे टिपण

अमेरिकेत शिकागोजवळ हॉथॉर्न येथे वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा टेलिफोनची उपकरणे बनवणारा प्रचंड कारखाना होता. तयार माल शेवटी तपासायचा, वाईट नग बाजूला काढायचे, ही तिथली पद्धत. १९१८ मध्ये वॉल्टर शूहार्ट या कंपनीत रुजू झाले. ते मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. आदल्याच वर्षी त्यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली होती.

सगळे टेलिफोन अगदी एकसारखे व्हावेत असा कंपनीचा आग्रह होता. त्यामुळे एखादा नग थोडा वेगळा निघाला की यंत्र लगेच जुळवून घ्यायचे. गंमत अशी की जुळवाजुळव जितकी जास्त, तितके नग एकमेकांपासून जास्तच वेगळे होत. ही हकीकत पुढे एडवर्ड्‌स डेमिंग यांनी सांगितली आहे. त्यांनी १९२५ आणि १९२६ च्या उन्हाळ्यात याच कारखान्यात काम केले होते.

असे का व्हावे, हे आम्ही स्वतःच्या हातांनी अनुभवले आहे. आमच्या प्रयोगशाळेत रोज सकाळी ठराविक तीव्रतेचे एक द्रावण उपकरणात मोजून पाहायची पद्धत होती. वाचन जरा वर आले की आम्ही खुंटी तेवढीच खाली फिरवत असू, खाली आले की वर. महिनाअखेरीस वही उघडली तर आदल्या महिन्यापेक्षा आकडे अधिक विखुरलेले होते. आदल्या महिन्यात खुंटीला कुणी हात लावला नव्हता! गणित सोपे आहे. आजची चूक निव्वळ यदृच्छेने आली असेल, तर उद्या ती पुन्हा येणार नसते. आम्ही मात्र ती येणारच असे धरून खुंटी फिरवत होतो. म्हणजे उद्याच्या वाचनात उद्याची चूक तर असतेच, शिवाय आजच्या चुकीची उलटी छाया पडते. अशा वेळी प्रमाण विचलन सुमारे १.४ पट होते. आमच्या दक्षतेनेच काम बिघडवले होते.

१६ मे १९२४ रोजी शूहार्ट यांनी आपल्या वरिष्ठांना एक टिपण दिले. ते जेमतेम एका पानाचे होते आणि त्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा आकृतीनेच व्यापला होता. आकृती साधी होती: आडव्या अक्षावर काळ, उभ्या अक्षावर मोजलेली राशी, मध्ये सरासरीची रेषा, तिच्या वर आणि खाली एकेक मर्यादारेषा.

दोन जातींची कारणे

या आकृतीमागचा विचार असा. कोणत्याही कामात असंख्य बारीक कारणे नेहमीच चालू असतात. कच्चा माल किंचित बदलतो, यंत्राला कंप असतो, हात थोडा इकडेतिकडे होतो. यांतले एकही कारण वेगळे काढून दाखवता येत नाही. सर्वांचा मिळून आकड्यात चढउतार होतो. ही झाली यदृच्छेची, म्हणजे नेहमीची कारणे. याउलट कधीतरी एखादे बाहेरचे कारण घुसते. पाते तुटते, मालाची गोणी बदलते, नवखा माणूस यंत्रावर बसतो. हे कारण शोधले तर सापडते. हे विशेष कारण.

मर्यादारेषांच्या आत आकडे विनाक्रम हलत असतील तर त्यांतल्या एकेकाला जाब विचारू नये. एखादा बिंदू रेषेबाहेर गेला तर काम थांबवून कारण शोधावे. रेषा किती दूर आखायच्या? शूहार्ट यांनी सरासरीपासून प्रमाण विचलनाच्या तिप्पट अंतर निवडले. यात व्यवहाराचा विचार होता. चुका दोन प्रकारच्या होतात. काहीच घडलेले नसताना धावाधाव करणे ही एक, आणि खरोखर काही घडले असताना स्वस्थ बसणे ही दुसरी. प्रसामान्य वितरण धरले आणि रेषा दुप्पट अंतरावर आखल्या, तर विशेष काही घडलेले नसतानाही साधारण २० पैकी एक बिंदू बाहेर पडेल आणि कारखाना उगाच थांबेल. तिप्पट अंतरावर हे प्रमाण हजारात ३ इतके खाली येते. त्याहून दूर गेलो तर खरा बिघाडही नजरेतून सुटू लागतो. दोन्ही चुकांची किंमत मिळून कमीत कमी व्हावी, हा हिशेब होता. १९३१ मध्ये शूहार्ट यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या नावातही गुणवत्तेच्या नियंत्रणाला 'आर्थिक' हे विशेषण जोडलेले आहे, ते याचसाठी.

जपान आणि आपण

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत हजारो अभियंते आणि निरीक्षक ही पद्धत शिकले. युद्धानंतर तिथल्या मालाला तयार गिऱ्हाईक होते, त्यामुळे बहुतेकांना ती विसरायला वेळ लागला नाही. जपानमधले कारखाने मात्र उद्ध्वस्त झाले होते आणि कच्चा माल वाया घालवणे परवडणारे नव्हते. तिथल्या शास्त्रज्ञ आणि अभियंत्यांच्या संघाने १९५० च्या उन्हाळ्यात डेमिंग यांना व्याख्यानांसाठी बोलावले. व्याख्यानांच्या पुस्तिकेचे मानधन त्यांनी संघाला देऊन टाकले. त्यातून १९५१ मध्ये त्यांच्या नावाचे पारितोषिक सुरू झाले.

पुढचे काम जपान्यांनी स्वतः केले. काओरू इशिकावा यांनी नियंत्रण आलेखासह सात सोप्या साधनांचा एक संच लोकप्रिय केला. त्यात माशाच्या सांगाड्यासारखी दिसणारी कारण-परिणाम आकृती आहे. कोणत्या दोषाचा वाटा सर्वांत मोठा ते उतरत्या क्रमाने दाखवणारा पॅरेटो आलेखही आहे. ही साधने साहेबांपुरती न ठेवता मुकादम आणि कामगारांना शिकवायची, हा त्यांचा आग्रह होता. १९६२ पासून कामगारांची छोटी अभ्यासमंडळे सुरू झाली, ती त्यातूनच.

आपल्याकडे हा विचार फार उशिरा आला असे नाही. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली होती. तिच्या निमंत्रणावरून १९४७-४८ मध्ये खुद्द शूहार्ट भारतात आले. १९५० च्या दशकात संस्थेने मुंबईसारख्या औद्योगिक शहरांत कारखान्यांना ही पद्धत शिकवणारे विभागही उघडले.

फाटकावरची नोंद

आलेख काढायला शाळेतले गणित पुरते. समजा, फाटकावर रोज उशिरा येणारी मुले मोजली आणि बारा दिवसांचे आकडे असे आले: ७, ९, ६, ८, १०, ७, ५, ८, ९, ६, ७, ८. यांची सरासरी ७.५. आता लागोपाठच्या दोन आकड्यांमधले फरक घ्या, चिन्ह सोडून द्या: २, ३, २, २, ३, २, ३, १, ३, १, १. या अकरा फरकांची सरासरी सुमारे २.१ येते. तिला २.६६ ने गुणले की सुमारे ५.६ मिळतात. (प्रमाण विचलनाच्या तिपटीचा अंदाज या गुणकाने थेट मिळतो.) म्हणून मर्यादा ७.५ अधिक-उणे ५.६, म्हणजे साधारण २ आणि १३. वीसेक दिवसांची नोंद असेल तर मर्यादा जास्त भरवशाच्या होतात.

तेराव्या दिवशी १० मुले उशिरा आली तर त्या दिवसाचे खास कारण विचारू नका. सापडले असे वाटेल, पण ते रचलेले असेल. १७ आली तर मात्र चौकशी करा. कदाचित सकाळची एस.टी. चुकली असेल.

चिंचोक्यांचा कारखाना

डेमिंग आपल्या वर्गात एक प्रयोग करत. पेटीत पांढऱ्या मण्यांत २० टक्के लाल मणी मिसळलेले असत. श्रोत्यांतले सहा 'कामगार' पन्नास खळग्यांच्या फळीने मणी उचलत. लाल मणी म्हणजे सदोष माल. कमी लाल आले की शाबासकी, जास्त आले की तंबी, शेवटी काहींना नारळ.

हाच प्रयोग आपण चिंचोक्यांवर करू. ४०० चिंचोके घ्या, त्यांतल्या ८० ना लाल रंग लावून नीट वाळवा आणि सगळे पिशवीत भरून हलवा. सहा मुलांनी पाळीपाळीने न बघता २५ चिंचोके काढायचे, लाल मोजून फळ्यावर लिहायचे, परत टाकून पिशवी हलवायची. अशा चार फेऱ्या करा. दर फेरीनंतर सर्वांत कमी लाल काढणाऱ्यासाठी टाळ्या वाजवा, सर्वांत जास्त काढणाऱ्याला "जरा लक्ष दे" म्हणा.

टाळ्या मिळालेल्याचे बहुधा पुढच्या फेरीत लाल वाढतील आणि रागावलेल्याचे कमी होतील. रागावल्याने सुधारतात आणि कौतुकाने बिघडतात, असा 'पुरावा' डोळ्यांसमोर तयार होईल! प्रत्यक्षात टोकाच्या आकड्यानंतर येणारा आकडा सहसा सरासरीच्या जवळ असतो, इतकेच. आता मर्यादा काढा. सरासरी २५ चा पाचवा हिस्सा, म्हणजे ५. प्रमाण विचलन म्हणजे २५ × ०.२ × ०.८ चे वर्गमूळ, म्हणजे २. तिप्पट ६. त्यामुळे ० पासून ११ पर्यंत काहीही येऊ शकते. फळ्यावरचे आकडे बहुधा सगळेच या मर्यादांत बसलेले दिसतील. एक सावधगिरी हवी. रंगाने चिंचोक्याचा स्पर्श बदलतो, त्यामुळे तुमची सरासरी नेमकी ५ येईलच असे नाही. स्वतः डेमिंग यांच्याही निरनिराळ्या फळ्यांच्या सरासऱ्या निरनिराळ्या येत, आणि ते ही गोष्ट मुद्दाम दाखवून देत.

इथे एक गैरसमज टाळायला हवा. सगळे बिंदू मर्यादेत आहेत याचा अर्थ सगळे छान चालले आहे असा होत नाही. दर खेपेला सरासरी पाच लाल चिंचोके येतच राहणार. ते कमी करायचे तर मुलांना रागावून उपयोग नाही, पिशवी बदलावी लागेल. फाटकावर रोज सातआठ मुले उशिरा येत असतील, तर त्यांतल्या एकेकाला उभे करण्यापेक्षा शाळेची वेळ आणि एस.टी.ची वेळ शेजारी शेजारी मांडून पाहावी.

प्रयोग संपला की मुलांना एकच प्रश्न विचारा: पिशवीत लाल चिंचोके भरले कुणी? आमच्या अनुभवात, मुले शिक्षकांकडे बोट दाखवायला फार वेळ लावत नाहीत.