पेंग्विनच्या डोळ्यांची परीक्षा

नेत्रवैद्याकडे रोगी गेला, की वैद्य त्याला समोरच्या तक्त्यावरील अक्षरे वाचावयास सांगतो. अक्षर ओळखता आले नाही, तर रोगी तसे स्वतःच सांगतो आणि अर्धे निदान तेथेच होते. परंतु रोगी जर पक्षी असेल, आणि तोही मनुष्यवस्तीपासून दूर खडकाळ किनाऱ्यावर किंवा बर्फावर राहणारा असेल, तर ‘तुला दिसते काय?’ हे त्याला विचारावयाचे कसे? पेंग्विनला हा प्रश्न नीट विचारता येण्यासाठी माणसाला विसावे शतक बरेचसे खर्ची घालावे लागले. त्या प्रयत्नाचा इतिहास लहान असला तरी बोधप्रद आहे.

दक्षिण ध्रुवाकडील प्रदेशात प्रथम कसोटी लागली ती माणसाच्याच डोळ्यांची. १९०२ च्या डिसेंबरात स्कॉट, शॅकल्टन आणि डॉ. एडवर्ड विल्सन हे तिघे दक्षिणेकडे घसरगाड्या ओढीत चालले होते. विल्सन हे वैद्य, प्राणिशास्त्रज्ञ आणि चित्रकारही होते. शुभ्र बर्फावर उघड्या डोळ्यांनी चित्रे काढीत बसल्यामुळे त्यांना हिमांधत्व आले. बर्फावरून परावर्तित होणारे जंबुपार किरण डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला, म्हणजे स्वच्छमंडलाला, अक्षरशः भाजून काढतात. डोळ्यांत वाळू भरल्यासारखी वेदना होते आणि पापणी उघडवत नाही. विल्सन यांनी कोकेनचे थेंब घातले, तरीही वेदना शमली नाही. अखेर डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांनी घसरगाडी ओढली.

हेच विल्सन १९११ च्या जून महिन्यात बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड या दोघांसह सम्राट पेंग्विनची अंडी आणावयास केप क्रोझियरकडे निघाले. ध्रुवीय रात्रीचा अखंड काळोख होता आणि थंडी शून्याखाली साठ अंशांपर्यंत उतरली होती. चेरी-गॅरार्ड यांना दूरचे फारच अंधुक दिसे. परंतु श्वासाची वाफ काचांवर गोठत असल्यामुळे चष्मा लावण्याची सोय नव्हती. पाच अंडी हाती आली. त्यांतील दोन चेरी-गॅरार्ड यांच्या हातमोज्यांतच फुटली आणि तीन सुखरूप परतली. अंड्यांतील गर्भावरून पक्ष्यांच्या उत्क्रांतीवर प्रकाश पडेल, अशी त्या वेळी आशा होती.

दूरचे न दिसणारा एक माणूस काळोखात पेंग्विनच्या शोधात निघतो, आणि पुढे अनेक वर्षे विद्वान मंडळी त्या पेंग्विनलाच ऱ्हस्वदृष्टी ठरवितात, हा एक विलक्षण योग म्हणावा लागेल. जमिनीवर पेंग्विनला जवळचेच काय ते दिसते, असा समज विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ होता. त्यामागील तर्क वरवर पाहता निर्दोष होता. माणसाच्या डोळ्यात प्रकाश वळविण्याचे बहुतेक काम स्वच्छमंडलाच्या बाकामुळे होते. पाण्यात शिरताच ही शक्ती जवळजवळ नाहीशी होते; कारण बाहेरचे पाणी आणि डोळ्यातील द्रव प्रकाशाला सारखेच वळवितात. म्हणूनच पाण्यात डोळे उघडले असता सर्व काही पुसट दिसते. उलट, जो डोळा पाण्यात स्पष्ट पाहतो, तो हवेत येताच आवश्यकतेपेक्षा अधिक शक्तिमान झाला पाहिजे आणि त्याला दूरचे पुसट दिसले पाहिजे, असे अनुमान निघत होते. त्यात एकच उणीव होती: पेंग्विनचा डोळा मोजून पाहिलेला नव्हता.

ती उणीव कॅनडातील दृष्टिशास्त्रज्ञ जेकब सिवाक यांनी भरून काढली. १९७६ साली त्यांनी आफ्रिकी पेंग्विनच्या डोळ्याविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. या पक्ष्याचे स्वच्छमंडल बरेचसे सपाट असते, असे त्यांना आढळले. जेथे बाकच थोडा, तेथे पाण्यात गमावण्यासारखेही थोडेच. उरलेली तूट आतील भिंग आपला आकार बदलून भरून काढते. पुढे १९८४ साली हाउलँड आणि सिवाक यांनी छायाचित्रणाच्या एका पद्धतीने पेंग्विनची नजर हवेत आणि पाण्यात पारखली. दोन्ही ठिकाणी ती ठीक असल्याचे दिसून आले. पेंग्विन जमिनीवर हेलकावे खात चालतो ते त्याचे पाय आखूड आणि शरीराच्या फार मागे असल्यामुळे. त्यात डोळ्यांचा काही दोष नाही.

याहूनही नवलाची गोष्ट १९९९ साली प्रसिद्ध झाली. इंग्लंडमधील ग्रॅहॅम मार्टिन यांनी राजा पेंग्विनच्या डोळ्याचा अभ्यास केला. उजेडात त्याची बाहुली आकुंचन पावून टाचणीच्या छिद्राएवढ्या चौकोनासारखी होते, आणि काळोखात ती इतकी विस्तारते, की आत जाणारा प्रकाश सुमारे तीनशे पटींनी वाढू शकतो. शंभर-दोनशे मीटर खोल, अंधाऱ्या पाण्यात मासे टिपणाऱ्या पक्ष्याला अशी बाहुली हवीच. आता एखाद्या अननुभवी वैद्याने हा चौकोन प्रथमच पाहिला, तर तो त्याला व्यंगच समजेल. निरोगी डोळा कसा असतो हे ठाऊक नसेल, तर रोगी डोळा ओळखता येत नाही, हा या इतिहासाचा पहिला धडा होय.

दुसरा धडा हिमांधत्वाच्याच वाटेने आला. ज्या किरणांनी विल्सन यांचे डोळे भाजले, ते किरण तेथील प्राणी कसे सोसतात? हेमिंग्सेन आणि डग्लस यांनी दक्षिण ध्रुवीय आणि समशीतोष्ण प्रदेशांतील प्राण्यांच्या स्वच्छमंडलाला इजा होण्यास किती जंबुपार किरण लागतात, याची तुलना १९७० साली प्रसिद्ध केली. ध्रुवीय प्राण्यांची सहनशक्ती त्यांना अधिक आढळली. पुढे १९८५ साली दक्षिण ध्रुवावरील ओझोनचा थर वसंत ऋतूत विरळ होत असल्याचे जाहीर झाले आणि जगभर काळजी पसरली. दक्षिण चिलीत मेंढ्या आंधळ्या होत असल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत झळकल्या. प्रत्यक्ष तपासणी करणाऱ्या वैद्यांना मात्र निराळेच दिसले: मेंढ्यांचा तो रोग संसर्गजन्य होता. काळजी अनाठायी नव्हती, परंतु पुरावा चुकीचा होता. पूर्वी त्या प्राण्यांचे डोळे कसे होते याची नोंद असती, तर अफवेला इतके बळ मिळाले नसते.

मग ही नोंद मिळवावयाची कोठून? सोपे उत्तर म्हणजे प्राणिसंग्रहालयांतून. तेथे पक्षी हाताशी असतो, त्याचे वय ठाऊक असते आणि वैद्य दररोज येऊ शकतो. मुंबईच्या राणीच्या बागेत २०१६ साली आलेले हम्बोल्ट पेंग्विन अनेकांनी काचेपलीकडे पोहताना पाहिले असतील. त्यांच्या जातीचे मूळ घर पेरू आणि चिलीचा किनारा. संग्रहालयांतील पेंग्विनमध्ये वाढत्या वयाबरोबर मोतीबिंदू वारंवार आढळतो, हे पशुवैद्यांना चांगले ठाऊक आहे. परंतु तेथील पक्षी दीर्घायुषी असतो, त्याला मासा आयता मिळतो, आणि त्याचे पाणी व प्रकाश माणसाने ठरविलेले असतात. त्याच्या डोळ्यावरून समुद्रातील पेंग्विनचा डोळा जोखणे म्हणजे घरच्या तुळशीवरून रानाची परीक्षा करण्यासारखे आहे.

म्हणून वैद्याला अखेर वसाहतीतच जावे लागते. प्रथम तो दुरून पाहतो: पक्षी दगड चुकवून चालतो काय, डोळे मिचकावतो काय, एक पापणी मिटून राहतो काय. मग एक जण पक्ष्याला धरतो आणि दुसरा हातात मावणाऱ्या दिव्याची प्रकाशाची बारीक फट टाकून स्वच्छमंडल आणि भिंग न्याहाळतो. फ्लुओरेसीन नावाचा रंग घातला, की ओरखडा हिरवा चमकतो. डोळ्यातील दाब मोजण्यासाठी एक हलकीशी सळई क्षणभर स्वच्छमंडलाला स्पर्शून परत येते. येथेही सावधगिरी हवी. मान आवळली गेली, तर दाब खोटाच वाढतो. माणसाची बाहुली विस्तारणारे नेहमीचे थेंब पक्ष्यावर चालत नाहीत, कारण त्याच्या बाहुलीभोवतीचे स्नायू निराळ्या प्रकारचे असतात. शिवाय वेळ थोडा असतो. घरट्यातील अंडे उघडे पडले, तर ते पळविणारे पक्षी टपलेलेच असतात.

या स्पर्शालाही कायद्याची मर्यादा आहे. १९९१ च्या माद्रिद करारानुसार दक्षिण ध्रुवीय प्रदेशातील पक्ष्याला परवान्याविना हात लावता येत नाही. १९८१ च्या डिसेंबरात गोव्याहून भारताची पहिली मोहीम त्या खंडाकडे निघाली; २०२२ साली भारताने स्वतःचा अंटार्क्टिक कायदाही केला, आणि तेथील पक्ष्यांचे रक्षण हे त्याचे एक अंग आहे.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मिळते. २००० सालच्या जूनमध्ये ‘ट्रेझर’ हे जहाज केपटाऊनजवळ बुडाले आणि सुमारे एकोणीस हजार पेंग्विन तेलाने माखले. ते धुऊन काढण्यास स्वयंसेवकांची फौज लागली. तेलाने पिसे चिकटतात तसे डोळेही चुरचुरतात आणि सुजतात. अशा वेळी पक्षी समुद्रात सोडण्यास योग्य झाला की नाही, हे ठरविण्याचा एक मार्ग त्याच्या डोळ्यांतून जातो. त्या आफ्रिकी पेंग्विनची गणना २०२४ साली अतिसंकटग्रस्त जातींत झाली. आता त्याचा एकेक पक्षी मोलाचा आहे.

आणि शेवटी एक गोष्ट विसरता कामा नये. पेंग्विन भक्ष्य शोधतो ते नजरेने. ज्याची नजर गेली, त्याची उपासमार अटळ असते; तो किनाऱ्यावर परततच नाही. यास्तव वसाहतीत आंधळा पेंग्विन क्वचितच दिसतो. दिसत नाही म्हणून तो नाहीच, असे समजणे ही मोठी चूक ठरेल. परत आलेल्यांचे डोळे तपासताना न आलेल्यांचाही हिशेब ज्याच्या ध्यानात राहतो, त्याचीच परीक्षा खरी.