डेलॉर्म १ (एबी) बी

तांबड्या बटुताऱ्यांच्या एका तरुण जोडीभोवती फिरणारा, ग्रहाच्या तोलाचा सहचर. सूचीतील नाव टूमास जे०१०३ (एबी) बी. ही युग्मतारा-प्रणाली दक्षिण आकाशात सुमारे १५० प्रकाशवर्षांवर आहे. जोडीतील ताऱ्यांची वस्तुमाने सूर्याच्या अनुक्रमे ०.१९ आणि ०.१७ पट असून त्यांच्यातील अंतर सुमारे १२ खगोलीय एकके भरते. सहचर या दोघांपासून सुमारे ८४ एककांवर, म्हणजे सूर्य-नेपच्यून अंतराच्या जवळजवळ तिपटीवर दिसतो. त्याची एक प्रदक्षिणा पूर्ण व्हायला हजारावर वर्षे लागत असावीत.

फिलिप डेलॉर्म आणि सहकाऱ्यांनी हा शोध २०१३ मध्ये जाहीर केला. चिलीतील व्हेरी लार्ज टेलिस्कोपवरच्या नाको उपकरणाने त्यांनी २०१२ मध्ये या ताऱ्यांची अवरक्त छायाचित्रे घेतली होती. बटुतारे मुळातच मंद, आणि तरुण सहचर जन्मवेळच्या उष्णतेने अजून तापलेला. त्यामुळे अवरक्तात तो ताऱ्यांच्या झगमगाटात हरवत नाही. तरीही ताऱ्याशेजारचा ठिपका पार्श्वभूमीवरचा दूरचा तारा असू शकतो. ती शंका २००२ मधल्या जुन्या छायाचित्रांनी फेडली. दहा वर्षांत तारे आकाशात सरकले होते. ठिपका दूरचा असता तर मागे राहिला असता. तो ताऱ्यांबरोबरच सरकलेला आढळला. संग्रहात जपलेल्या निरीक्षणांचे मोल अशा वेळी कळते.

वस्तुमान थेट मोजलेले नाही. सहचराची तेजस्विता आणि प्रणालीचे वय यांची थंडावण्याच्या प्रतिमानांशी सांगड घालून ते काढतात. प्रणाली तुकाना-होरोलोजियम या एकत्र जन्मलेल्या तरुण ताऱ्यांच्या समूहातली मानली जाते. त्यावरून वय ३ ते ४ कोटी वर्षे आणि वस्तुमान गुरूच्या १२ ते १४ पट येते. वयाचा अंदाज बदलला की हा आकडाही बदलतो.

२०२० मध्ये एरिक्सन आणि सहकाऱ्यांना सहचराच्या वर्णपटात हायड्रोजन व हेलियमच्या ठळक उत्सर्जनरेषा आढळल्या. त्याच्यावर अजून वायू कोसळत असल्याची ही खूण आहे. ताऱ्यांभोवतीच्या वायूच्या चकत्या बहुधा १ कोटी वर्षांच्या आत विरतात. म्हणून एवढ्या वयात चाललेली ही वाढ या प्रणालीतील सर्वांत लक्षणीय बाब होय.

जन्माचा प्रश्न सुटलेला नाही. एवढ्या हलक्या ताऱ्यांच्या चकतीत, इतक्या दूर, खडकाळ गाभ्याभोवती वायू साठत जाऊन एवढा मोठा ग्रह घडणे अवघड आहे. चकतीचा तुकडा स्वतःच्या गुरुत्वाने आकसला असेल, किंवा मूळ वायुमेघ फुटताना दोन ताऱ्यांबरोबर हा तिसरा घटकही जन्मला असेल. दुसरी शक्यता खरी असेल तर त्याला तपकिरी बटू, म्हणजे तारा होण्याइतके वस्तुमान न मिळालेला पिंड, म्हणणे अधिक योग्य ठरेल.

आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या २०१८ च्या कामचलाऊ व्याख्येनुसार ग्रहाचे वस्तुमान ड्यूटेरियम (जड हायड्रोजन) ज्वलनाच्या मर्यादेखाली, म्हणजे गुरूच्या सुमारे १३ पटींहून कमी, आणि मध्यवर्ती वस्तुमानाच्या सुमारे पंचविसाव्या भागाहून कमी असावे लागते. हा सहचर दुसऱ्या अटीत बसतो. पहिल्या अटीच्या मात्र तो नेमक्या सीमेवर आहे.