हार्ट अटॅकमध्ये बी.पी. पडतं तेव्हा

हार्ट अटॅकचा रुग्ण आला की नातेवाईक हमखास विचारतात, "डॉक्टर, बी.पी. वाढलंय का हो?" त्या वेळी आम्हाला जास्त धास्ती असते ती पडलेल्या बी.पी.ची.

१९६७ साली न्यूयॉर्कच्या थॉमस किलिप आणि जॉन किंबॉल या डॉक्टरांनी कॉरोनरी केअर युनिटमधल्या २५० रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. रुग्णांचे चार गट त्यांनी निव्वळ तपासून पाडले: छातीला स्टेथोस्कोप लावायचा, बी.पी. मोजायचं, हातपाय गार पडलेत का बघायचं. ज्यांच्या छातीत पाणी साठल्याची खूण नव्हती, त्या पहिल्या गटात ६ टक्के रुग्ण दगावले. चौथ्या गटात वरचं बी.पी. ९० च्या खाली, अंग गार आणि घामाघूम. त्यांतले ८१ टक्के गेले. हाच कार्डिओजेनिक शॉक. (याचा विजेच्या किंवा मनाच्या धक्क्याशी संबंध नाही.) हृदयाचा मोठा भाग निकामी झाला की पंप कमी पडतो, बी.पी. उतरतं. मग हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांतही दाब राहत नाही आणि उरलेला चांगला स्नायूही उपाशी पडतो. ठोके बिघडले तर मॉनिटरवर दिसत आणि यंत्राने सुधारता येत. या चक्रावर मात्र इलाज नव्हता.

नुसती बी.पी. चढवणारी औषधं देऊन भागेना. १९९९ मध्ये ज्युडिथ हॉकमन यांच्या गटाने शॉकमधल्या ३०२ रुग्णांचा अभ्यास मांडला. निम्म्यांची बंद रक्तवाहिनी अँजिओप्लास्टी किंवा बायपासने तातडीने उघडायची, बाकीच्यांना आधी औषधांनी सावरायचं. ३० दिवसांनी फरक ठाम म्हणावा इतका नव्हता. सहा महिन्यांनी मृत्यू ५० विरुद्ध ६३ टक्के. माझ्या मते या विषयातला हा सर्वांत मोलाचा आकडा. पण निम्मे तरीही गेलेच, हेही विसरू नका.

२००५ मध्ये चीनमधल्या सुमारे ४६,००० रुग्णांच्या अभ्यासाने आणखी एक धडा दिला. बी.पी. आणि नाडीचा वेग उतरवणारं मेटोप्रोलॉल अटॅक आल्याबरोबर शिरेतून दिल्यावर हजारात ५ जणांचा दुसरा अटॅक टळला, ५ जणांचे जीवघेणे ठोके टळले, पण ११ जण जास्त शॉकमध्ये गेले. एकूण मृत्यू तेवढेच. आता बी.पी. कमी असेल तर हे इंजेक्शन देत नाहीत. गोळी रुग्ण स्थिरावल्यावर, लहान डोसने सुरू होते. जिभेखालची सॉर्बिट्रेटही वरचं बी.पी. ९० च्या खाली असताना देत नाहीत.