ट्रेडमार्क हक्कांची अंमलबजावणी

आपल्या नावाच्या, बोधचिन्हाच्या किंवा वेष्टनाच्या आडून दुसऱ्याने माल खपवू नये म्हणून चिन्हाच्या मालकाने केलेली कारवाई. भारतात ती मुख्यतः १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याखाली होते.

पहिली चकमक बहुधा कोर्टाबाहेरच झडते. नव्या चिन्हाचा अर्ज ट्रेडमार्क जर्नलमध्ये जाहीर झाला की चार महिन्यांत हरकत घेता येते. म्हणून जागरूक कंपन्यांचे वकील हे रूक्ष जर्नल नेमाने चाळतात. माल बाजारात आलाच, तर आधी नोटीस, मग दावा आणि सोबत तात्पुरत्या मनाई हुकमाचा अर्ज. खरी झुंज या अर्जावरच होते. दिवाळीचा हंगाम हातचा गेल्यावर मिळणाऱ्या भरपाईत दुकानदाराला फारसा रस नसतो. चिन्ह नोंदलेले नसले तरी ‘पासिंग ऑफ’चा, म्हणजे दुसऱ्याच्या नावावर माल खपवल्याचा, दावा लावता येतो, मात्र बाजारातली आपली पत, समोरच्याने केलेली दिशाभूल आणि नुकसान हे सगळे शाबित करावे लागते.

पार्ले ग्लुको बिस्किटांचा खटला या बाबतीत वाचनीय आहे. पार्लेच्या पुड्यावर शेतवाडीचे चित्र होते: मधोमध पाण्याची बादली घेतलेली मुलगी, भोवती गाई-कोंबड्या. म्हैसूरकडच्या एका कंपनीच्या पुड्यावरही मुलगी नि गाई होत्या, फक्त मुलीकडे गवताचा भारा होता. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये पार्लेच्या बाजूने निकाल दिला. दोन पुडे शेजारी ठेवून फरक मोजत बसू नये. आज एक पाहिलेला माणूस उद्या दुसरा त्याच समजुतीने उचलेल का, एवढेच पाहावे, असे न्यायालयाचे म्हणणे.

कॉपीराइटच्या दाव्यात प्रश्न वेगळा असतो. तिथे गिऱ्हाइकाचा घोटाळा झाला की नाही याला महत्त्व नाही; नक्कल झाली का, हे पाहतात. ‘हम हिंदुस्तानी’ या नाटकावरून ‘न्यू दिल्ली’ चित्रपट उचलला, हा नाटककार आर. जी. आनंद यांचा दावा सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये फेटाळला. दोन्हींचा विषय असलेली प्रांतीयवादाची कल्पना कुणाच्या मालकीची नाही, मांडणी तेवढी मालकीची, हे त्यामागचे सूत्र.

कॉपीराइट कृती निर्माण होताच आपोआप मिळतो. साहित्यकृतीवर तो लेखकाच्या हयातीत आणि पुढे साठ वर्षे राहतो. लेखकाने हस्तलिखित ट्रंकेत ठेवले तरी तो बुडत नाही. ट्रेडमार्कची नोंदणी दर दहा वर्षांनी नूतनीकरण करत कितीही काळ टिकवता येते, पण सलग पाच वर्षे चिन्ह वापरलेच नाही तर ती रद्द करून घ्यायला प्रतिस्पर्धी अर्ज करू शकतो. आपल्यानंतर प्रामाणिकपणे नोंदलेल्या चिन्हाचा वापर माहीत असूनही पाच वर्षे मुकाट्याने चालू दिला, तरी मालकाची तक्रार ऐकली जात नाही. छोट्या दुकानांनाही नोटिसा का जातात, याचे एक उत्तर इथे आहे. काही नोटिसा निव्वळ दमदाटीच्या असतात, हेही खरे. अशा बिनबुडाच्या धमकीविरुद्ध उलट दावा करण्याची सोय याच कायद्यात आहे.

वेष्टनावरचे चित्र कलाकृतीही असल्याने पुष्कळ मालक दोन्ही कायद्यांचा आधार घेतात. फौजदारी शिक्षा दोन्हीकडे सारखीच, सहा महिने ते तीन वर्षे. जप्तीत मात्र फरक आहे: कॉपीराइटमध्ये फौजदारही वॉरंटशिवाय माल उचलू शकतो, तर ट्रेडमार्कमध्ये उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी लागतो आणि त्यालाही आधी ट्रेडमार्क निबंधकाचे मत घ्यावे लागते.