२०१३ डच टीटी आणि होर्हे लोरेंझो

२०१३ डच टीटी ही मोटोजीपी जागतिक अजिंक्यपद स्पर्धेच्या त्या वर्षीच्या हंगामातील सातवी शर्यत होती. ती २९ जून २०१३ रोजी नेदरलँड्समधील आसेन येथे झाली. इटलीचा व्हॅलेंटिनो रॉसी ही शर्यत जिंकला. तथापि मोटरसायकल शर्यतींच्या इतिहासात ती प्रामुख्याने पाचव्या क्रमांकावर आलेल्या स्पर्धकामुळे ओळखली जाते. स्पेनचा तत्कालीन जगज्जेता होर्हे लोरेंझो याचे हासळीचे हाड सरावात मोडले. बार्सिलोना येथे शस्त्रक्रिया करवून घेऊन तो आसेनला परतला आणि अपघातानंतर सुमारे ४८ तासांनी शर्यतीत उतरला.

पार्श्वभूमी

लोरेंझोने २०१० आणि २०१२ या वर्षी मोटोजीपी या सर्वोच्च गटाचे विजेतेपद मिळवले होते. २०१३ मध्ये तो यामाहा संघाकडून खेळत होता आणि दुकाती संघातून परतलेला रॉसी हा त्याचा संघसहकारी होता. आसेनपूर्वीच्या मुजेल्लो व कातालुन्या या दोन्ही शर्यती लोरेंझोने जिंकल्या होत्या. गुणतक्त्यात होंडाचा दानी पेद्रोसा १२३ गुणांसह पहिला, तर लोरेंझो ११६ गुणांसह दुसरा होता. त्या वर्षी या गटात प्रथमच उतरलेला मार्क मार्केझ ९३ गुणांवर होता.

आसेनची शर्यत १९२५ पासूनची असून तेथील धावपट्टीला शर्यतशौकीन आदराने ‘कॅथेड्रल’ म्हणतात. धावपट्टीची लांबी ४.५४२ किमी असून तीत १८ वळणे आहेत. शर्यत २६ फेऱ्यांची होती. त्या काळी येथील शर्यत परंपरेने शनिवारी होत असे, म्हणून सराव गुरुवारीच सुरू होई. पुढील घटनाक्रम वाचताना ही बाब ध्यानात ठेवावी.

अपघात व शस्त्रक्रिया

गुरुवार, २७ जून रोजी दुसऱ्या सराव सत्राच्या वेळी धावपट्टी पावसाने ओली होती. एका वेगवान वळणावर लोरेंझोची गाडी घसरली, तो डाव्या खांद्यावर आपटला आणि डाव्या बाजूचे हासळीचे हाड (जत्रुक) मोडले. हाडाचे तुकडे जागेवरून सरकले होते. अशा वेळी केवळ हात झोळीत बांधून भागत नाही. त्याच रात्री त्याला विमानाने बार्सिलोनाला नेण्यात आले आणि मध्यरात्रीनंतर शस्त्रक्रिया करून टायटॅनियमची पट्टी आठ स्क्रूंनी हाडाला जोडण्यात आली.

अशा पट्टीचे कार्य नीट समजून घेणे आवश्यक आहे. पट्टी तुकड्यांना जागेवर धरते, हाड जोडत नाही. ते जुळून येण्यास पुढे कित्येक आठवडे जातात आणि तोवर खांद्यावरचा बराचसा भार त्या धातूवरच असतो. मोटोजीपीच्या गाडीचे किमान वजन त्या वर्षी १६० किलो होते. ताशी ३०० किमीच्या आसपासच्या वेगातून ब्रेक लावताना स्वाराच्या शरीराचा भार पुढे झेपावतो आणि दोन्ही हात व खांद्यांवर येतो. आसेनच्या धावपट्टीवर तर गाडी एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वेगाने पालटावी लागते. नुकत्याच मोडलेल्या हासळीला याहून प्रतिकूल व्यायाम शोधूनही सापडणार नाही.

शुक्रवारच्या पात्रता फेरीत अनुपस्थित राहिल्याने लोरेंझोला बाराव्या स्थानावरून सुरुवात करावी लागणार होती. शनिवारी सकाळी वैद्यकीय तपासणीत त्याला शर्यतीस पात्र ठरवण्यात आले.

शर्यत

आरंभानंतर लोरेंझोने झपाट्याने पुढची स्थाने गाठली आणि तो पाचव्या क्रमांकावर पोहोचला. काही काळ तो पेद्रोसाच्याही मागावर होता. पुढे वेदनेमुळे त्याला वेग राखता आला नाही, मात्र पाचवे स्थान त्याने सोडले नाही. शर्यत संपली तेव्हा चेहऱ्यावरील यातना त्याला लपवता येत नव्हत्या.

आघाडीवर रॉसीने ऑक्टोबर २०१० नंतरचा आपला पहिला विजय मिळवला. शुक्रवारच्या अपघातात हातापायांच्या बोटांना दुखापत झालेला मार्केझ दुसरा, अग्रस्थानावरून सुरुवात करणारा ब्रिटनचा कॅल क्रचलो तिसरा आणि पेद्रोसा चौथा आला. चौथ्या क्रमांकास १३ व पाचव्यास ११ गुण मिळतात. त्यामुळे ज्या दिवशी पेद्रोसाची आघाडी ७ वरून २० गुणांवर जाऊ शकली असती, त्या दिवशी ती केवळ ९ गुणांची झाली.

परिणाम

दोन आठवड्यांनी, १२ जुलै रोजी, जर्मनीतील झाक्सेनरिंग येथे सरावात लोरेंझो पुन्हा डाव्या खांद्यावरच पडला. या वेळी बसवलेली पट्टी वाकली. त्याला पुन्हा बार्सिलोनाला जाऊन शस्त्रक्रिया करवून घ्यावी लागली आणि त्या शर्यतीस मुकावे लागले. पेद्रोसाही दुसऱ्याच दिवशी पडून जायबंदी झाला. मार्केझने ती शर्यत जिंकून गुणतक्त्यात पहिले स्थान घेतले. लोरेंझो पुढच्याच आठवड्यात अमेरिकेतील लगुना सेका येथे परतला आणि सहावा आला.

हंगामाच्या उत्तरार्धात लोरेंझोने सिल्वरस्टोनपासूनच्या सातपैकी पाच शर्यती जिंकल्या. अंतिम गुणसंख्या मार्केझ ३३४, लोरेंझो ३३० आणि पेद्रोसा ३०० अशी होती. वर्षभरात लोरेंझोने आठ, तर मार्केझने सहा शर्यती जिंकल्या. विजेतेपद मात्र चार गुणांच्या फरकाने वीस वर्षांच्या मार्केझकडे गेले.

मूल्यमापन

आसेनची कथा बहुधा निव्वळ शौर्यकथा म्हणून सांगितली जाते आणि झाक्सेनरिंगचा प्रसंग तीतून वगळला जातो. याउलट, आसेनला घाई केल्यानेच पुढचा अनर्थ ओढवला, असाही एक सोपा निष्कर्ष काढता येतो. पण तो तर्काला धरून नाही. आसेनची शर्यत टाळली असती तरी दोन आठवड्यांत ते हाड जुळले नसते आणि दुसऱ्यांदा पडल्यावर पट्टीची तीच गत झाली असती. आक्षेप घ्यायचाच तर तो झाक्सेनरिंगच्या ओल्या हाडावर पत्करलेल्या धोक्याबद्दल, तसेच शस्त्रक्रियेनंतर जेमतेम दीड दिवसाने स्वाराला धावपट्टीवर उतरू देणाऱ्या व्यवस्थेबद्दल घेता येईल. पडलेल्या स्वाराचा धोका केवळ त्याच्यापुरता नसतो, मागून येणारेही त्यात सापडतात.

त्या ११ गुणांचे मोल अंतिम तक्त्यातून लगेच कळत नाही. ते वजा केले तरी लोरेंझो ३१९ गुणांसह दुसराच राहिला असता. फरक पडला असता तो व्हॅलेंसियाच्या अखेरच्या शर्यतीत. तिच्यापूर्वी मार्केझची आघाडी १३ गुणांची होती आणि लोरेंझो जिंकल्यास त्याला किमान चौथे यावे लागणार होते. आसेनचे गुण नसते तर ही आघाडी २४ गुणांची असती आणि मार्केझला अवघे दोन गुण पुरले असते. प्रत्यक्षात लोरेंझो जिंकला, मार्केझ तिसरा आला.

लोरेंझोने आपले तिसरे मोटोजीपी विजेतेपद २०१५ मध्ये मिळवले. रॉसीच्या ३२५ गुणांपुढे त्याचे तेव्हाचे गुण होते ३३०, म्हणजे २०१३ मध्ये होते तितकेच.