वाकड्या फांद्या आणि कोट्यधीशांचे कॅम्प

आजचा एपिसोड लाकडाचा आहे, पण रंधा मारलेल्या, पॉलिश केलेल्या लाकडाचा नाही. जंगलात जशी मिळाली तशी, साल, गाठी आणि वाकडेपणासकट घेतलेल्या फांदीचा. या कामाला ‘रस्टिक’ म्हणतात आणि अमेरिकेत त्याची पंढरी म्हणजे अडिरॉन्डॅक. न्यूयॉर्क म्हटलं की आपल्याला उंच इमारती आठवतात, पण हा त्याच राज्याच्या ईशान्येचा डोंगर, तळी आणि दाट झाडीचा मुलूख.

गूगलवर ‘अडिरॉन्डॅक’ टाकलंत तर आधी एक रुंद हातांची, मागे कललेली खुर्ची दिसेल. ती आपली नव्हे. ती सपाट फळ्यांची, १९०० नंतरची. आपल्याला त्याच्या मागे जायचंय.

१८६९ मध्ये विल्यम मरी नावाच्या बॉस्टनच्या धर्मोपदेशकानं या जंगलावर पुस्तक लिहिलं आणि शहरी लोकांची तिकडे रीघ लागली. काही तयारी न करता आलेल्या या गर्दीला ‘मरीचे मूर्ख’ असं नावच पडलं. (पावसाळ्यात वीकेंडला हरिश्चंद्रगडावर गेलेल्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल.) त्यांच्यामागून आले खरे श्रीमंत. विल्यम वेस्ट ड्युरंट हा रेल्वेसम्राट थॉमस ड्युरंटचा मुलगा, इंग्लंडात वाढलेला. त्यानं १८७७ च्या सुमारास रॅकेट लेकच्या काठी ‘कॅम्प पाइन नॉट’ उभारायला घेतला. कॅम्प या शब्दावर जाऊ नका, तंबूबिंबू काही नाही. वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळ्या इमारती, सालीसकट ओंडक्यांच्या भिंती, दगडी शेकोट्या, कठड्यांना वेड्यावाकड्या फांद्या. पुढे त्यानं ‘अंकस’ बांधला, तो गेला जे. पी. मॉर्गनकडे. १८९७ मध्ये ‘सॅगमोर’ बांधला, तो १९०१ मध्ये आल्फ्रेड व्हँडरबिल्टनं घेतला.

हे सगळं बनवलं कुणी? मला या गोष्टीत खरा रस इथून पुढे आहे.

उन्हाळ्यात पाहुण्यांना शिकारीला, मासेमारीला नेणारे स्थानिक गाइड, कॅम्पचे राखणदार, आसपासचे सुतार. हिवाळ्यात तळी गोठली, पाहुणे परतले, की यांच्या हातात वेळ असायचा. आणि या कामाला हिवाळाच लागतो. फांदीवर साल टिकवायची असेल तर ती थंडीत तोडायची, तेव्हा आतला रस चढलेला नसतो आणि साल लाकडाला घट्ट धरून राहते. उन्हाळ्यात तोडलेल्या फांदीची साल वाळली की सुटायला लागते. पण नुसती साल सोलून हवी असेल तर नेमकं उलटं. उन्हाळ्याच्या तोंडावर, रस चढलेला असताना, पांढऱ्या बर्चची साल सलग निघते. हा बर्च म्हणजे आपल्या भूर्जपत्राच्या झाडाचा भाऊबंद. ही साल दाबून सपाट करायची आणि कपाटाच्या दारावर, टेबलाच्या बाजूंना चढवायची. मग बारीक फांद्या उभ्या चिरायच्या आणि सपाट बाजू आत ठेवून खिळ्यांनी ठोकत नक्षी बसवायची. म्हणजे एका कपाटाचं सामान दोन वेगळ्या ऋतूंत गोळा करायचं! यूट्यूब बघून रविवारी उरकायचं काम नव्हे.

दुसरी गोष्ट नजरेची. खुर्चीचा हात हवा तर लाकूड वाकवायचं नाही, तसंच वाकलेलं शोधायचं. इथल्या गाइडांची जी हलकी होडी होती, गाइडबोट, तिच्या फासळ्या स्प्रूस झाडाच्या बुंध्या-मुळाच्या नैसर्गिक वळणातून कापायचे. लाकडाचे तंतू त्या वळणाबरोबरच फिरतात, म्हणून फासळी बारीक असूनही मोडत नाही. आपल्याकडच्या जुन्या सुताराला हे समजावून सांगावं लागणार नाही, लाकडी नांगरासाठी तोही वाकलेली बाभळ हेरून ठेवायचा.

मी कोड लिहितो. आमच्याकडे कुठली ओळ कुणी आणि कधी लिहिली ते एका कमांडमध्ये दिसतं. इथे इमारतींसोबत ड्युरंट, मॉर्गन, व्हँडरबिल्ट ही नावं येतात, आणि बहुतेक फर्निचरवर मात्र कुणाचंच नाव नाही. थोडे अपवाद आहेत. अप्पर सॅरनॅक लेकजवळचा सुतार अर्नेस्ट स्टो हा त्यातला एक. १९०० नंतरच्या दशकात त्यानं बर्चच्या सालीची जी टेबलं-कपाटं बनवली, त्यातली काही आज ब्लू माउंटन लेकच्या म्युझियममध्ये आहेत.

आता कायद्याकडे येऊ. बेसुमार तोड चालली होती. जंगल गेलं तर नद्या-कालव्यांचं पाणी आटेल अशी भीती होती. म्हणून राज्यानं १८८५ मध्ये इथली सरकारी जमीन राखीव केली. १८९४ मध्ये तर थेट राज्यघटनेत लिहिलं, की ही जमीन कायम रानच राहील आणि तिच्यावरचं लाकूड विकता, हलवता वा नष्ट करता येणार नाही. माझ्या मते हा निर्णय बरोबर होता, ते जंगल आज उभं आहे ते त्यामुळेच. पण भार सगळ्यांवर सारखा पडला नाही. कोट्यधीशाची जमीन खासगी, तिला हे कलम लागू नव्हतं. ज्या गावकऱ्याचं सरपण आणि दांडके पिढीजात त्याच रानातून यायचे, तो एकदम लाकूडचोर ठरला. कार्ल जेकोबी या इतिहासकारानं २००१ च्या आपल्या पुस्तकात या लोकांची बाजू तपशिलात मांडली आहे. तशीच वाकडी फांदी कॅम्पच्या दिवाणखान्यात कला, आणि सरकारी हद्दीतून उचलून गाइडच्या शेडमध्ये आणली तर गुन्हा.

ड्युरंटचंही पुढे भलं झालं नाही. वडिलांच्या इस्टेटीतल्या वाट्यासाठी बहिणीनं खटला भरला, ती जिंकली, आणि हा कफल्लक झाला.

सॅगमोरची गोष्ट मात्र राहिलीच. १९७५ मध्ये तो विकला गेला तेव्हा तळ्याकाठच्या देखण्या इमारती एका संस्थेला मिळाल्या. मागचा कामगारांचा भाग, म्हणजे लोहारकाम, सुतारकाम, गोठे, सरकारी राखीव जंगलात गेला. आणि घटनेप्रमाणे तिथे रानच असायला हवं, इमारती नकोत! त्या पाडाव्या किंवा सडू द्याव्या लागल्या असत्या. शेवटी १९८३ मध्ये न्यूयॉर्कच्या मतदारांनी घटनेत दुरुस्ती मंजूर केली. सुमारे १० एकर जमीन, तिच्यावरच्या शेडसकट, संस्थेला द्यायची आणि बदल्यात सुमारे २०० एकर जंगल राज्यानं घ्यायचं. त्या शेड अजून तिथे आहेत.